उतारवयातील कळसूबाई

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच असून ते अकोले आणि इगतपुरी या दोन तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे. हिमालयाच्या मानाने ही उंची फारच थोडी. येथे विरळ हवेचा त्रास होत नाही, बर्फ लागत नाही, रुळलेल्या वाटेने गेल्यास दोराचीही गरज पडत नाही, आणि तरुण मुले पहाटे निघून दुपारच्या जेवणाला पायथ्याशी परततात. तथापि सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने बारी या पायथ्याच्या गावापासून माथ्यापर्यंतची आठ-नऊशे मीटरांची खडी चढण आणि तेवढीच उतरण म्हणजे हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, दृष्टी आणि तोल या सर्वांची एकाच दिवशी होणारी परीक्षा असते. प्रस्तुत लेखिकेने नाशिकमधील शाळेतून निवृत्त झाल्यानंतर, साठी बरीच मागे पडल्यावर, ही चढाई अंगावर घेतली. त्या अनुभवातून तिच्या मनात पक्के बसलेले मत असे की, उतारवयात डोंगराची खरी परीक्षा उतरताना होते, आणि म्हणून व्यायाम, वेळेचे गणित आणि परत फिरण्याचा निर्णय हे सारे उतरणीपासून उलट मोजत आणावे लागते.

वाढत्या वयात शरीरात जे बदल घडतात त्यांतील काही सर्वांना जाणवतात, तर काही नकळत घडत राहतात. श्रमाच्या वेळी शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त जितका प्राणवायू वापरू शकते त्याला कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता म्हणतात. ही क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते, परंतु नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये घट होण्याचा वेग पुष्कळ कमी राहतो. हृदयाचे कमाल ठोकेही वयाबरोबर उतरतात. २२० मधून वय वजा करण्याचा प्रचलित आडाखा अडुसष्टाव्या वर्षी १५२ हा आकडा देतो, मात्र तो केवळ अंदाज असून व्यक्तीगणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर या वर्गातील औषधे, नाडीचा वेगच रोखून धरतात, त्यामुळे अशा व्यक्तीने मनगटावरील घड्याळाच्या आकड्यावर विसंबून चालण्यात अर्थ नसतो. लेखिकेला अशीच गोळी चालू असल्याने तिच्या डॉक्टरांनी तिला सोपी कसोटी सांगितली होती: चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले तर वेग योग्य, आणि दर दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. संपूर्ण वाटेवर उपयोगी पडली ती हीच कसोटी.

स्नायूंचा प्रश्न याहून गंभीर आहे. वयोमानाने स्नायूंचे वस्तुमान आणि बळ घटत जाण्याच्या अवस्थेला वैद्यकात सार्कोपेनिया, म्हणजे स्नायूक्षय, असे नाव आहे. हा क्षय चाळिशीच्या आसपास सुरू होऊन साठीनंतर वेग घेतो, आणि त्यातही झटकन प्रतिसाद देणारे वेगवान स्नायूतंतू आधी कमी होत असल्याने ठेच लागल्यावर स्वतःला सावरण्याची क्षमता चालण्याच्या क्षमतेपेक्षा लवकर ढासळते. सपाट रस्त्यावर रोज तासभर चालणारा निरोगी ज्येष्ठ नागरिक डोंगरावर अडखळतो याचे कारण बहुधा येथे सापडते. त्याचा दम टिकलेला असतो, पण मांडीत पायरीभर उंच उचलण्याचे आणि पायरीभर खाली झेलण्याचे बळ उरलेले नसते. ही हानी भरून काढता येत नाही असा समज बराच काळ होता. १९९० साली अमेरिकेतील मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील दहा रहिवाशांना, ज्यांचे सरासरी वय ९० होते, आठ आठवडे पायांचा भारव्यायाम दिला आणि मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याची नोंद केली. समूह लहान होता, तरीही नव्वदीतील स्नायू कामाला लावल्यास प्रतिसाद देतात हे त्या प्रयोगाने दाखवून दिले, आणि साठीतील माणसाने वयाचे कारण पुढे करण्यापूर्वी या निष्कर्षाचा विचार अवश्य करावा.

चढताना आणि उतरताना मांडीचे स्नायू एकाच प्रकारे काम करीत नाहीत. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीराला वर उचलतो. उतरताना मात्र तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराचा भार धरून ठेवतो आणि हळूहळू खाली सोडतो. या दुसऱ्या प्रकाराला प्रसरणशील आकुंचन म्हणता येईल. त्यात प्राणवायू कमी लागतो, धाप लागत नाही, आणि म्हणूनच उतरणारा माणूस फसतो. दम शाबूत असल्याने तो वेग वाढवतो, आणि स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होत राहून तासाभरात मांड्या थरथरू लागतात. थकलेला स्नायू धक्का झेलू शकत नाही, तेव्हा तो धक्का गुडघ्याच्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत अस्तरावर, जातो. या संकटावर शरीराने स्वतःच एक उपाय ठेवलेला आहे: उतरणीचा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढील काही आठवडे तशाच ताणाने फारसा दुखावत नाही. म्हणजे उतरण्याची तयारी उतरूनच होते, आणि उद्वाहनाने वर जाऊन जिना उतरणे हा चढण्याइतकाच गंभीर व्यायाम ठरतो.

लेखिकेची तयारी याच सूत्रावर उभी होती. पहिले काही महिने खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि धपकन न बसता सावकाश बसणे, भिंतीला बोटे टेकून टाचा उचलणे, दात घासताना एका पायावर उभे राहणे आणि इमारतीचा जिना पाठीवर पिशवी घेऊन मोजून मापून उतरणे एवढाच कार्यक्रम होता. त्यानंतर पांडवलेणीच्या पायऱ्या आल्या, मग रामशेज आणि त्यानंतर त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी. नाशिककरांना हे डोंगर अंगणातले असले तरी उतारवयातील शरीरासाठी ते चढत्या क्रमाने लावलेले धडेच आहेत: पांडवलेणीच्या पायऱ्या बांधीव आणि छोट्या, रामशेजची वाट उघडी आणि काही ठिकाणी निसरड्या मातीची, तर ब्रह्मगिरीच्या कातळकोरीव पायऱ्या उंचीने असमान, गुडघ्याला दर वेळी नव्याने अंदाज घ्यायला लावणाऱ्या. हाडांची घनता तपासल्यावर ती तरुण प्रौढाच्या सरासरीहून कमी, परंतु ठिसूळपणाच्या व्याख्येत बसण्याइतकी खाली नाही, असे निदान झाले होते; जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेल्यास तो अस्थींचा ठिसूळपणा मानतात, आणि उणे १ ते उणे २.५ ही मधली पायरी समजली जाते. या मधल्या पायरीवरच्या स्त्रीने पडणे टाळलेच पाहिजे, म्हणून दोन्ही हातांत काठ्या घेण्याचा निर्णय सुरुवातीलाच झाला. काठ्यांमुळे उतरणीवर गुडघ्यांवरचा भार हलका होतो आणि जमिनीशी दोनांऐवजी चार ठिकाणी संपर्क राहतो. संकोच वाटावा असे त्यात काहीही नाही, आणि तरुणांनीही त्या वापराव्यात असे लेखिकेचे स्पष्ट मत आहे.

कळसूबाईची चढण समजून घ्यायची तर तिचा दगड पाहावा लागतो. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. त्यांतील काही थर घट्ट काळ्या बेसाल्टचे असून ते सहजासहजी झिजत नाहीत आणि उभे कडे बनून राहतात. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्या असल्याने ते लवकर कुजतात, त्यांचा मुरूम होतो आणि तेथे उताराची सोंड किंवा लहानसे पठार तयार होते. त्यामुळे बारीहून जाणारी वाट सलग चढत नाही. एक टप्पा छातीवर येतो आणि पुढचा टप्पा श्वास परत देतो. कड्यांच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. वयस्क हृदयाला ही रचना सोयीची आहे, कारण प्रत्येक खड्या टप्प्यानंतर नाडी खाली यायला जागा मिळते, फक्त त्या जागी थांबण्याची शिस्त पाळावी लागते.

पहिला प्रयत्न भाद्रपदात झाला आणि तो माथ्याच्या अलीकडे, शेवटच्या शिडीजवळच्या विहिरीपाशी थांबला. सोबत लेखिकेचा एक माजी विद्यार्थी होता, आज स्वतः पन्नाशीत असलेला आणि सह्याद्रीत आयुष्यभर हिंडलेला. पायथा दिवसाउजेडी गाठायचा असेल तर माथ्यावरून बारा वाजता निघालेच पाहिजे, आणि उतरण्याला चढण्याइतकाच वेळ लागेल असे धरायचे, हा हिशेब आदल्या रात्री कागदावर मांडलेला होता. विहिरीपाशी पोहोचेपर्यंत बारा वाजून गेले होते, ढग खाली उतरले होते आणि शिडीचे लोखंड ओले होते. माथा डोक्यावर, हाकेच्या अंतरावर होता. विद्यार्थी एवढेच म्हणाला, “बाई, वेळ झाली.” वर्गात तास संपल्याची घंटा झाल्यावर अर्धे वाक्य सोडून थांबण्याची सवय असलेल्या शिक्षिकेला त्याचा अर्थ अधिक सांगावा लागला नाही. उतरताना लागलेला वेळ पाहता तो निर्णय योग्य होता हे पायथ्याशी आल्यावर दिव्याच्या उजेडात दोघांनाही दिसले.

मार्गशीर्षातील दुसऱ्या खेपेला हवा कोरडी होती, आठवड्याचा मधला दिवस निवडल्याने शिड्यांवर गर्दी नव्हती, आणि निघण्याची वेळ पहाटेच्या आधी, विजेरीच्या उजेडात, ठरविलेली होती. शिड्यांच्या बाबतीत एक बाब तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण ती कोणत्याही मार्गदर्शिकेत लेखिकेला आढळली नाही. चाळिशीनंतर अनेकांना लागणाऱ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात भिंगाचा वरचा भाग दूरचे आणि खालचा भाग जवळचे पाहण्यासाठी घडविलेला असतो. डोंगरावर पाय ठेवण्याची जागा पाहण्यासाठी नजर खाली वळविली की ती नेमकी वाचनाच्या भागातून जाते, आणि चार-पाच फुटांवरची पायरी अंधुक होऊन वर उचलल्यासारखी भासते. शिडी चढताना हे जाणवत नाही, कारण पुढची दांडी डोळ्यांसमोर असते. उतरताना मात्र पायाखालची दांडी सापडेनाशी होते. लेखिकेने नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने केवळ दूरच्या नंबरचा साधा चष्मा डोंगरासाठी वेगळा करून घेतला, आणि शिडीकडे तोंड करून, बुटाच्या टोकाने दांडी चाचपून, एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा सोडण्याची पद्धत अखेरपर्यंत सोडली नाही. एवढ्या साध्या बदलाने जो धीर आला तो इतर कोणत्याही साधनाने आला नव्हता.

वाटेत सरबत आणि पिठले-भाकरी विकणाऱ्या झोपड्या आहेत आणि त्यांना लागणारे पाणी व सामान पायथ्याच्या गावातील माणसे डोक्यावरून वर नेतात. दुसऱ्या शिडीच्या वर एक स्त्री मागून आली. वयाने लेखिकेच्या बरोबरीची, पायात रबरी चप्पल, डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर पाण्याचा कॅन. शिडीवर तिने कठड्याला हात लावला तो केवळ वळणापुरता. बसलेल्या लेखिकेकडे पाहून ती थांबली आणि म्हणाली, “दम खा बाई, बसत-उठत गेलं म्हंजी डोंगर सरतो.” एवढे बोलून ती पुढे गेली. ज्येष्ठांच्या गिर्यारोहणाविषयी जे काही लिहिले जाते त्यात अशा स्त्रियांचा उल्लेखही नसतो, ही गोष्ट लेखिकेला फार लागली. कळसूबाई ही मुळात या परिसरातील कोळी समाजाची देवी. नवरात्रात आसपासच्या गावांतील म्हाताऱ्या बायका अनवाणी माथा गाठतात, आणि त्यांच्या चढण्याला कोणी विक्रम म्हणत नाही. कळसू नावाची मुलगी केर-भांड्यांची कामे सांगायची नाहीत या अटीवर एका घरी कामाला राहिली, आणि अट मोडली गेल्यावर ती डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही, अशी कथा येथे सांगतात. शहरातील साठीची स्त्री ज्या गोष्टीला आव्हान म्हणते ती गोष्ट पायथ्याच्या स्त्रीला पोटासाठी करावी लागते, आणि तिच्या गुडघ्यांची, हाडांची आणि डोळ्यांची तपासणी कोणी करीत नाही.

माथ्यावरील लहानशा मंदिरापाशी पोहोचल्यावर दक्षिणेकडे भंडारदऱ्याचा जलाशय आणि रतनगड, तर पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे दुर्गत्रिकूट स्पष्ट दिसत होते. दर्शन घेऊन, गूळ-शेंगदाणे खाऊन आणि तहान लागलेली नसतानाही पाणी पिऊन दोघे ठरल्या वेळी उतरू लागले; वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होत असल्याने पाणी घड्याळाप्रमाणे प्यावे लागते. वरचा टप्पा सुखाने सरला. घसारा, म्हणजे पायाखालून सरकणाऱ्या सुट्या मुरुमाचा उतार, लागल्यावर मात्र एकेक पाऊल हा स्वतंत्र निर्णय झाला. काठ्या हातभर लांब करून पुढे रोवायच्या, वजन त्यांच्यावर टाकायचे, गुडघा किंचित वाकवून पाय सपाट टेकवायचा आणि मगच मागचा पाय उचलायचा, ही क्रिया तासन्तास चालली. पोटऱ्या भरून आल्या, पण मांड्यांना थरथर सुटली नाही, आणि महिनोन्महिने उतरलेल्या जिन्यांचा उपयोग तेथे रोकडा दिसला. बारीच्या अलीकडच्या भातखाचरांपाशी येईपर्यंत सूर्य मावळला नव्हता.

म्हातारपणातील गिर्यारोहणाचा विषय निघाला की जपानी गिर्यारोहक युइचिरो मिउरा यांचे नाव येते. १९७० साली एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून स्कीवर घसरत येणारे मिउरा पुढे वजन वाढून आजारी झाले, साठीत त्यांनी घोट्यांना वजने बांधून आणि पाठीवर ओझे घेऊन चालायला सुरुवात केली, आणि २००३, २००८ व २०१३ साली, अनुक्रमे सत्तराव्या, पंचाहत्तराव्या आणि ऐंशीव्या वर्षी, ते एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. शेवटच्या खेपेला ते सुमारे ६५०० मीटरांवरील तळापासून खाली हेलिकॉप्टरने आले, आणि त्यावर टीकाही झाली. लेखिकेला ती टीका अन्यायाची वाटते. ऐंशीव्या वर्षी उरलेले बळ ओळखून उतरण्याचा मार्ग बदलणे हे गिर्यारोहणाचेच कौशल्य आहे. पुढे २०१९ साली, ८६ वर्षांचे असताना, आकोंकाग्वावर पथकाच्या डॉक्टरांनी नको म्हटल्यावर ते सुमारे सहा हजार मीटरांवरून मागे वळले, आणि त्यांच्या चरित्रातील तो प्रसंग तीन चढायांइतकाच अभ्यासण्याजोगा आहे. मिउरांचा विक्रम मोडण्यासाठी २०१७ च्या मे महिन्यात निघालेले नेपाळचे मीनबहादूर शेरचन, ज्यांनी २००८ साली ७६ व्या वर्षी एव्हरेस्ट सर केले होते, ते ८५ व्या वर्षी तळछावणीतच निधन पावले. अमेरिकेच्या हुल्डा क्रूक्स यांचा मार्ग निराळा होता: कॅलिफोर्नियातील ४४२१ मीटर उंचीचा माउंट व्हिटनी त्यांनी पासष्ट ते एक्क्याण्णव या वयात २३ वेळा चढला, एकच डोंगर, सवयीचा, आणि दर वर्षी शरीराची नव्याने पारख करीत. सामान्य माणसाला अनुकरण करायचे असेल तर ते क्रूक्स यांचे करता येते.

महाराष्ट्रात आज ज्येष्ठांसाठी डोंगरभ्रमंती आयोजित करणाऱ्या मंडळांची संख्या वाढते आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या जाहिरातींत माथ्याची उंची आणि चढण्याचा वेळ दिलेला असतो. उतरण्याचा वेळ, परत फिरण्याची ठरलेली घटका आणि शिड्यांची माहिती क्वचितच असते. या तीन गोष्टी प्रत्येक मंडळाने छापाव्यात, गटातील सर्वांत सावकाश उतरणाऱ्या व्यक्तीच्या वेगावर वेळापत्रक आखावे, आणि साठीपुढील सदस्यांकडून निघण्यापूर्वी किमान तीन महिने उतरण्याचा सराव करून घ्यावा, अशी लेखिकेची त्यांना आग्रहाची विनंती आहे.